पंचवीस खुंट्या

गिरडच्या रस्त्यावरच्या बियाण्याच्या फार्मवर त्या वर्षी, म्हणजे अठ्ठ्याहत्तर साली, कपाशीचे पंचवीस तुकडे पाडले होते. पाच आडव्या ओळी, पाच उभ्या. वाणही पाचच: अ, ब, क, ड, इ. आडव्या ओळीत कोणताही वाण एकदाच यायचा, उभ्या ओळीतही एकदाच, म्हणजे जमिनीच्या चांगल्या-वाईटाचा वाटा सगळ्यांना सारखा. प्रत्येक तुकड्यात अक्षर रंगवलेली बांबूची खुंटी. डवऱ्याला, म्हणजे बैलांच्या कोळप्याला, खुंट्या आड येतात, म्हणून चिंधू गड्याचे बैल येण्याआधी त्या काढायच्या, ज्या त्या ओळीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, क्रमानं मांडायच्या आणि डवरणी झाली की परत रोवायच्या.

हे काम सुलोचनाकडे पहिल्यांदाच आलं होतं. फार्मवर मजुरी करता करता सहा वर्षं तिच्या कानीकपाळी एकच ओरडलं गेलं होतं: एका वाणात दुसरा मिसळू देऊ नका. बोंडं वेगळी, बी वेगळं, पोती वेगळी. तिनं खुंट्यांनाही तोच न्याय लावला. अ एकीकडे, ब एकीकडे, सुतळीनं बांधलेल्या पाच झकास जुड्या! दोन खुंट्या तेवढ्या घट्ट बसल्या होत्या, काही केल्या निघेनात. त्या तिथंच राहिल्या.

दुपारी रोवायला गेली आणि पहिली जुडी सोडल्यावर तिला घोटाळा कळला. कोणता क कुठला?

फार्म सांभाळणारे सदाशिवराव धावत आले आणि त्यांनी कपाळावर हात मारला.

"हे का करून ठेवलं तुनं? नकाशा कपाटात, अन् किल्ली हापिसातल्या बाबूच्या खिशात. बाबू बसला सासुरवाडीले जाऊन. उद्या सकाळी नागपूरचे सायेब येऊन राह्यले. खुंट्या जागच्या जागी नसल्या, तर परवापासून हजेरीवर तुह्यं नाव नाई."

रडायला वेळ नव्हता. सुलोचना कपाशीत शिरली. अ वाणाची खोडं तांबूस, ब वाणाची पानं चिरलेली; हे दोन तिला झोपेतही ओळखू आले असते. दहा खुंट्या तिनं तिथल्या तिथं रोवल्या. उरलेले तिन्ही वाण मात्र दिसायला सख्खे भाऊ. एक न निघालेली खुंटी क होती, पहिल्या ओळीत मधोमध. दुसरी इ, चौथ्या ओळीत दुसऱ्या जागी. बाकी तेरा तुकडे मुके.

मग ती बांधावर बसली आणि काडीनं मातीत पंचवीस घरं आखली. क म्हणजे खडा, ड म्हणजे चिंचोका, इ म्हणजे काडी. प्रत्येक मुक्या घरात तिन्ही ठेवले आणि एकेक उचलू लागली. या ओळीत क आहे, म्हणून इथला खडा काढ. या उभ्या ओळीत इ आहे, काडी काढ. काही घरांत दोनच उरले, आणि तिथं गाडं अडलं. तेव्हा चौथ्या ओळीतल्या एका घरात तिनं ड आहे असं नुसतं धरलं आणि पुढं चालत गेली. अक्षर अक्षराला ओढत गेलं आणि सगळा पट भरला!

"बसलं ना?" सदाशिवराव म्हणाले. "मंग लाव लवकर."

"थांबा जी. दुसरंही धरून पाह्यतो."

तिथं क धरला, तर एक नव्हे, आणखी दोन पट भरले. एकूण तीन उत्तरं, तिन्ही बिनचूक. सदाशिवरावांनी कोणतंही एक लावायला सांगितलं. सायेबाला काय कळतंय, असंही म्हणाले. सुलोचनाला त्याचा रागच आला. सहा वर्षं वाण मिसळू नका म्हणून ओरडणारा माणूस आज अंदाजपंचे खुंट्या रोवायला सांगतो!

तिनं तिन्ही पट शेजारी शेजारी आखले आणि बघत राहिली. कोपऱ्यातलं शेवटचं घर एका पटात क होतं, दुसऱ्यात ड, तिसऱ्यात इ. म्हणजे सगळ्या वावराचं उत्तर त्या एका तुकड्यात होतं.

"जयवंता," तिनं निंदण करणाऱ्या मैत्रिणीला हाक मारली, "कोपऱ्यातल्या शेवटच्या तुकड्यात बी कोणं टोबलं?"

"म्याच. बी कमी पडलतं न तिथं? गोदामात धावत गेलती मी. पोत्यावर ड होता, पोट सुटलेल्या माणसासारखा. काऊन?"

सुलोचना कुठली थांबते! ती खुंट्या घेऊन पळत सुटली होती.

दुसऱ्या दिवशी साहेब टाइप केलेला नकाशा घेऊन तुकड्या-तुकड्यातून फिरले. तिसऱ्या ओळीत थांबले.

"इथं ड लावलाय आणि शेजारी इ. नकाशात उलट आहे."

सदाशिवरावांचा चेहरा उतरला. "बदलव लवकर," ते दबक्या आवाजात म्हणाले. "सायेब म्हणते तसं कर."

सुलोचना त्या दोन खुंट्यांपाशी गेली. खुंट्या बदलल्या असत्या तर विषय मिटला असता, नोकरीही राहिली असती. पण हात काही पुढं होईना.

"सायेब, इथं इ कसा येईन? लगेच खाली पाहा, इ हाये. ती खुंटी तं मी हलवलीच नाई, निघालीच नाई ती. अन् शेजारी ड लावला, तं त्याच्या डोक्यावर बी ड. एका उभ्या ओळीत दोन-दोन?"

साहेबांनी नकाशावर बोट ठेवलं. वरून खाली आणलं. पुन्हा वरून खाली. मग खिशातून पेन काढलं आणि आपल्याच नकाशावरची दोन अक्षरं खोडून वर नीट लिहिली.

"टाइप करताना फिरलंय," ते म्हणाले. "तीन माणसांनी तपासलं होतं हे. तुम्ही किती शिकलात?"

"सातवी."

आजवर फार्मवर तिला कोणी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. तिची मान आपोआप ताठ झाली, आणि तिनंही ती खाली घातली नाही. अभिमान वाटला तिला, अगदी उघडउघड, जयवंताला लांबून दिसेल इतका.

साहेबांची जीप गेली. सदाशिवरावांनी हजेरीचं पुस्तक उघडून तिच्या नावापुढं खूण केली.

"उद्या वेळेवर येजो," ते म्हणाले.

"मी कोणत्या दिवशी उशिरा आली जी?" सुलोचना म्हणाली, आणि विळा उचलून निंदायला गेली.