दोन विती तोंडाची पोतडी

मित्रांनो, सगळ्यात आधी माझं तोंड बघून घ्या. दोन वितींचं आहे, आणि त्या वितीही आठ वर्षांच्या मुलीच्या. गेल्या वर्षापर्यंत ते एवढं मोठं होतं की सोसायटीचा अख्खा सेक्रेटरी आत बसवून नाडी ओढता आली असती. ते लहान कसं झालं, त्याचीच ही हकीकत.

मी सांताक्लॉजची पोतडी. जुनी, लाल, मखमली. मुक्काम बेंगळुरू, सर्जापूर रोडवरची तीन टॉवरांची सोसायटी. पण जन्माने मी पोतडी नाही. आधी पाच वर्षं मी इथल्याच गणपतीमागचा पडदा होते. बाप्पाच्या पाठीशी उभं राहून मी माणसं वाचायला शिकले. दर्शनाला कोण आलंय आणि प्रसादाला कोण, हे पडद्याइतकं कुणाला कळत नाही. सहाव्या वर्षी दिव्यांचा झगमगता पडदा आला आणि मला निवृत्ती मिळाली.

तळमजल्यावरच्या श्यामलाअक्कांनी मला उचललं नसतं, तर मी आज गाड्या पुसत असते. अक्कांचं घराणं तीन पिढ्यांपूर्वी साताऱ्याहून इथे आलेलं. त्या स्वतः सरकारी कारखान्यात यंत्रांची रेखाचित्रं काढून निवृत्त झाल्या. त्यामुळे कापड असो की माणूस, आधी माप घ्यायचं आणि मग कात्री चालवायची, ही त्यांची शिस्त. दोन दुपारांत त्यांनी मला शिवलं. काठाला दुलईतल्या कापसाची पांढरी झालर, तोंडाला परकराची नाडी.

"बाप्पाचा पडदा सांताला चालेल का हो अक्का?" कुणीतरी विचारलं.

"दोघांनाही चांगलं पोट आहे," अक्का म्हणाल्या. "न चालायला काय झालं?"

आमच्या सोसायटीत नाताळची एक रीत आहे. आईवडिलांनी मुलासाठी भेट आणायची, कागदात गुंडाळायची, वर नाव लिहायचं आणि गुपचूप गेटवरच्या केबिनमध्ये माझ्या पोटात टाकायची. चोवीस तारखेला संध्याकाळी सहा वाजता क्लबहाऊससमोरच्या हिरवळीवर सांता येतो आणि एकेकाचं नाव पुकारून भेट देतो. मुलांना वाटतं, सांतानेच आणली. सांता म्हणजे आमचा देवाप्पा. एरवी गेटवर गस्त घालतो, आनेकलहून पहाटेच्या बसने येतो, आणि दाढी लावली की असा काही 'हो हो हो' करतो की कुत्रीसुद्धा शेपटी हलवतात.

पहिल्या वर्षी सूचना लागली होती, 'भेट लहान असावी.' काय सांगू मित्रांनो, काय दिवस होता तो. उड्या मारायच्या दोऱ्या, गोट्या, रंगीत खडू. देवाप्पाने मला एका खांद्यावर असं टाकलं, जशी शिंप्याने टेप गळ्यात टाकावी.

मग लहान म्हणजे किती, हे शेजाऱ्याच्या पुडक्याकडे बघून ठरायला लागलं. कुणी मुद्दाम उधळपट्टी केली नाही. प्रत्येकाने फक्त मागच्या वर्षीच्या शेजाऱ्यापेक्षा बोटभर मोठं आणलं. माझा हिशेब खांद्यांचा आहे. दुसऱ्या वर्षी देवाप्पाला दोन्ही खांदे लागले. तिसऱ्या वर्षी माळी मदतीला आला. चौथ्या वर्षी, म्हणजे गेल्या नाताळात, मला सामानाच्या ट्रॉलीवर ठेवून आणलं. सेक्रेटरी रत्नाकर पुण्याचे, काटेकोर माणूस. पण मुलाचं, निहारचं खोकं एवढं मोठं की कोंबता कोंबता माझी कूस चर्रकन फाटली. आतून मोटार निघाली, निहार बसू शकेल एवढी.

त्याच्यानंतर नाव पुकारलं ते शमिकाचं. तिच्या आईने, सुखदाने, सूचना अक्षरशः पाळली होती. शमिकाच्या हातात आलं एक भिंग. तिने भिंगाकडे पाहिलं, मोटारीकडे पाहिलं आणि सांताच्या बाहीला धरून हळूच विचारलं, "मी वर्षभर काय चुकले?"

देवाप्पाला मराठी समजतं, पण उत्तर कुठल्याच भाषेत सुचेना. "स्वल्प अॅडजस्ट माडी, पुट्टी," एवढंच तो पुटपुटला. थोडं सांभाळून घे, बाळ. मी तर फाटकीच होते. मला कोण विचारतो?

पुढचे अकरा महिने मी बादल्या आणि जुन्या माळांच्या शेजारी फळीवर पडून काढले. एका उंदराने माझ्यात बिऱ्हाड केलं आणि आवडलं नाही म्हणून सोडलंही. या डिसेंबरात देवाप्पाने मला झटकलं आणि अक्कांच्या दारात नेऊन ठेवलं.

"अक्का, शिवून द्या. आणि माझी पाठ पण शिवता आली तर बघा."

अक्कांनी मला शिलाई यंत्रावर घेतलं, तेवढ्यात सुखदा आली आणि तिच्या मागोमाग तिचा नवरा अमित. नागपूरची माणसं, दोघं संगणकात. वाद जिन्यातूनच चालू होता.

"जीप मागवलीय मी," अमित म्हणाला. "रिमोटची. तीन दिवसांत येईल."

"हप्त्यांवर," सुखदा अक्कांना म्हणाली. "खेळण्याला हप्ते, ऐकलंत का कधी?"

"मागच्या वर्षी ती उशीत तोंड खुपसून झोपली, ते तू पाहिलंस ना?"

"पाहिलं. म्हणून काय दरवर्षी एकेक मजला चढवत जायचं? पुढच्या वर्षी काय देशील, देवनहळ्ळीचं विमानतळ?"

"सगळ्यांसमोर नाव पुकारतात, सुखदा. आपली पोरगी परत लहानसं काहीतरी घेऊन उभी राहणार?"

"तिला लहान वस्तूचं वाईट वाटलं नव्हतं रे. चांगल्या वागण्याचे गुण खोक्यावरून मिळतात, असं वाटलं तिला. जीप दिलीस तर तेच पक्कं होईल."

अमितला ते पटलं नव्हतं. बापाचा जीव अडकला होता आणि मलाही ते दिसत होतं. अक्कांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. "शमिकाला खाली पाठव," त्या म्हणाल्या.

शमिका आली, मला पाहिलं आणि उंबऱ्यातच थिजली. "ही... त्याची?"

"त्याचीच. गेल्या वर्षी लोकांनी फार कोंबलं. शिवायला पाठवलीय."

"उत्तर ध्रुवावरून?"

"नाही तर काय, आनेकलहून?" अक्कांच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. "सांताचा निरोप आहे, तोंडाचं माप एखाद्या मुलाच्या हाताने घ्या. ठेव वीत."

शमिकाने माझ्यावर हात पसरला. अंगठा इथे, करंगळी तिथे. अक्कांनी खडूने खूण केली. पुन्हा एकदा वीत, पुन्हा खूण.

"पण मग निहारची मोटार कशी मावली होती?"

"मावली कुठे? म्हणून तर फाटली."

शमिका तिथून जी सुटली, ती थेट खेळाच्या मैदानावर. साडेपाच वाजता बातमी पहिल्या टॉवरमध्ये होती, सहाला तिसऱ्या. सांताची पोतडी दुरुस्तीला आलीय, तोंड दोन विती, वीत शमिकाची, तिने स्वतः मोजलंय. जेवणाच्या वेळेपर्यंत मुलं शमिकाचा हात धरून घराघरांत नेत होती आणि डबे, उशा, पुस्तकं मोजून घेत होती. निहारने तर लिफ्टशेजारच्या भिंतीवर खडूने रेघ मारून ठेवली, म्हणजे येताजाता सगळ्यांना ताडून पाहता यावं.

"अक्का, ही पंचाईत केलीत," अमित म्हणाला.

"माणसाशी वाद घालता येतो," अक्का नाडी ओवत म्हणाल्या. "पोतडीच्या तोंडाशी घालून बघ."

मित्रांनो, मग सुरू झाले माझ्या आयुष्यातले सगळ्यात मजेचे तीन दिवस. मी केबिनमधल्या खिळ्याला लटकलेली, शेजारी देवाप्पा चहा पीत बसलेला, आणि एकेक आईबाप खोकी घेऊन येतायत. आडवं करून बघतायत, उभं करून बघतायत, माझी झालर ताणून बघतायत. देवाप्पा मान हलवतो, "होगल्ला." जात नाही. मोठी खोकी तोंड पाडून परत जातात आणि त्यांना उचलणारे, खरं सांगू, जरा हलकेच होऊन जातात. एक बाई तर जिन्यात म्हणाल्या, "सुटले बाई." मी ऐकलं ते.

रत्नाकर केबिनमधूनच अक्कांना फोन लावून बसले. "अक्का, बी प्रॅक्टिकल. बॅटरीचं विमान आणलंय. नुसती चार बोटं उसवा."

फोनमधून अक्कांचा आवाज मला स्वच्छ आला. "उसवते की. निहारला मात्र तुम्हीच सांगा, सांताने माप बदललं म्हणून. रेघ त्याने मारलीय."

रत्नाकरांनी फोनकडे पाहिलं, मग खोक्याकडे, मग माझ्याकडे. मुलांची समजूत मोडायची की विमान माघारी धाडायचं? विमान माघारी गेलं.

तेवीसला संध्याकाळी अमित आला. जीपचं खोकं त्याच्या छातीपर्यंत.

"होगल्ला, सार," देवाप्पा बसल्या जागेवरून म्हणाला.

"तिरकं?"

"तिरकं पण नाही."

"मग क्लबहाऊसमागे ठेवू. तू नंतर काढ."

देवाप्पाने चहाचा पेला खाली ठेवला. "सार, त्या दिवशी पुट्टीने मला विचारलं, मी काय चुकले. एक वर्ष झालं, बसमध्ये बसलो की आठवतं. ही जीप दिली तर ती समजेल, मागच्या वर्षी खरंच काहीतरी चुकलं होतं. उत्तर मी देतो, सार. तुम्ही फक्त आत जाईल असं आणा."

अमित खोकं उचलून निघून गेला आणि चोवीसची दुपार उलटली तरी फिरकलाच नाही. चारला नाडी ओढायची आणि शमिकाचं पुडकं नाही. माझा जीव टांगणीला लागला, मी तर आधीच खिळ्याला टांगलेली. चाराला पाच कमी असताना घामाघूम अमित धावत आला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी आत टाकलं. एवढंसं. पण त्याला लोखंडी टोक होतं, ते माझ्या नव्या शिवणीला टोचलं. काय आहे हे मला लगेच कळलं. शमिकाला कळेल का, हा प्रश्न होता.

सहा वाजले. हिरवळ मुलांनी भरली. देवाप्पाने मला उचललं आणि मित्रांनो, एका खांद्यावर टाकलं. चार वर्षांनी. निहारने पुढे येऊन सगळ्यांदेखत माझ्या तोंडावर शमिकाची वीत ठेवून घेतली, दोनदा. "बरोबर," त्याने जाहीर केलं. टाळ्या पडल्या. गणपतीच्या आरतीलाही माझ्यासमोर एवढ्या पडल्या नव्हत्या.

नावं सुटू लागली. उड्यांची दोरी. गोट्यांची थैली. निहारला माउथ ऑर्गन, आणि त्याने तो तिथेच असा फुंकला की रत्नाकरांना विमानाची आठवण आली असावी. कुणी कुणाच्या खोक्याकडे बघत नव्हतं, कारण खोकीच नव्हती. सगळे एकमेकांच्या वस्तू हिसकून खेळून बघत होते.

"शमिका."

ती आली. देवाप्पा गुडघ्यावर बसला. अक्कांसमोर तीन दिवस घोकलेलं उत्तर त्याने तिच्या कानात सांगितलं, "मागच्या वर्षी तुझं काही चुकलं नव्हतं, पुट्टी. पोतडी फाटकी होती."

शमिकाने मान डोलावली, जणू तिला हे ठाऊकच होतं. मग तिने कागद सोडला. आत लाखेच्या रंगाचा, लाल-पिवळा लाकडी भोवरा आणि एक दोरी. तिने तो उलटसुलट केला. चेहऱ्यावर ना आनंद, ना रुसवा. अमित गर्दीच्या कडेला उभा होता.

"याचं काय करायचं?" तिने सांताला विचारलं.

देवाप्पाने खांदे उडवले आणि अमितकडे बोट दाखवलं.

अमित पुढे आला. बूट काढले, का ते त्यालाच माहीत. दोरी गुंडाळली, मनगटाला झटका दिला, आणि भोवरा हिरवळीशेजारच्या फरशीवर असा उतरला की गुंजायला लागला. मुलं गोल करून उभी राहिली. अमितने बोटांच्या फटीतून त्याला उचललं आणि फिरता भोवरा तळहातावर घेतला. नागपूरच्या कुठल्या गल्लीत शिकला होता, देव जाणे, पण वीस वर्षांत विसरला नव्हता. मग हळूच तो शमिकाच्या तळहातावर सोडला.

"गुदगुल्या होतात," ती ओरडली.

"काका, मला," निहारने माउथ ऑर्गन बापाच्या हातात कोंबला. मागे रांग लागली. रत्नाकरही त्या रांगेत हळूच सरकले, ते मी पाहिलं. सुखदा कडेला उभी राहून नवऱ्याकडे अशी बघत होती, जणू हा माणूस तिला आज पहिल्यांदाच भेटत होता.

आणि शमिका तळहातावरचा भोवरा सांभाळत देवाप्पाला विचारत होती, "सांता, तुला कसं कळलं, माझ्या बाबांना हे येतं?"

मित्रांनो, आता मी घडी होऊन अक्कांच्या कपाटात आहे, डांबराच्या गोळ्यांच्या वासात. फळीपेक्षा हे बरं. तुमच्याकडे माझी एकच मागणी आहे. पुढच्या नाताळात माझी नाडी सोडाल, तेव्हा शमिकाला बोलवा आणि पुन्हा वीत ठेवायला सांगा. वर्षभरात तिचा हात थोडासा वाढलेला असेल. तेवढंच माझं तोंड वाढवा. त्याहून एक बोटही जास्त नको.