कबुलीच्या कोठीचा पडदा

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी कोठी आहे. पण माझ्यात ना धान्य भरतात, ना गाद्या ठेवतात. मी चर्चच्या कोपऱ्यात उभी असते. माझ्या एका बाजूला फादर बसतात. दुसऱ्या बाजूला लोक गुडघे टेकतात आणि आपल्या हातून काय चुकले ते हळू आवाजात सांगतात. मध्ये एक जाळी आहे. फादर ऐकून घेतात, चार शब्द समजावतात आणि देवाच्या नावाने क्षमा देतात. म्हणून मी कबुलीची कोठी.

ज्या सुताराने मला घडवले, तो जाळीला मसुराच्या दाण्याएवढी भोके पाडताना गुणगुणत असे,

"लाकडा रे लाकडा, झाडाचं तू बाळ,
शब्द तेवढा जाऊ दे, बाकीचं सांभाळ."

तीच माझी अंगाई आणि तोच माझा कायदा. आत बोललेले मी बाहेर सोडत नाही. तेव्हा कोणाची गुपिते ऐकायला कान टवकारले असतील तर खाली करा बरे! आज सांगते आहे ते सगळे पडद्याबाहेर घडलेले आहे.

एके काळी माझ्यापुढे रांग लागे. गुडघे टेकायच्या फळीवर माणसांच्या गुडघ्यांनी दोन खळगे पाडले आहेत, हात फिरवलात तर लागतील. जड पावलांनी आलेली माणसे जाताना जणू पिसासारखी जात. चर्चची राखण करणारे काका मला तेल लावून पुसत आणि पाहुण्यांना सांगत, "हिच्यासारखी समजूतदार या गावात दुसरी नाही."

मग दाराजवळ कबुलीसाठी काचेची नवी खोली झाली. पंखा, दोन खुर्च्या, समोरासमोर बसायचे. काकाही थकून घरी बसले. माझ्यात आधी झाडू आले, मग मोडक्या फुलदाण्या. उंदरांनी पडदा कुरतडला. कोळ्याने जाळीवर आपले जाळे विणले आणि मला वाटले, संपले आता, आपण अडगळीत निघालो.

पण नवे फादर आले. त्यांनी माझे दार उघडले, सडकून शिंकले आणि म्हणाले, "तोंडासमोर तोंड आलं की माणसाचं अर्धं बोलणं घशातच राहतं. हिला पुन्हा उभी करू. नवा पडदा तेवढा लागेल."

पडदा शिवायला आली टाचणीबाई.

तिचे शिवणाचे दुकान शेजारच्या गल्लीत. ओठांत कायम टाचण्या धरलेल्या, म्हणून हे नाव. एक शेजारीण वारली, तिच्या प्रार्थनेला ती प्रथम इथे आली, मागच्या बाकावर बसली, आणि मग येतच राहिली. वर्षभर इथला धर्म शिकली. मारियामातेपुढे मेणबत्ती कशाला, संतांना मध्ये कशाला घालायचे, असे एकेक प्रश्न तिने विचारले आणि एकेक गाठ सुटत गेली. आता महिन्याभरात तिचा बाप्तिस्मा, म्हणजे डोक्यावर पाणी घेऊन ख्रिस्ती होण्याचा विधी, होता. पण एक गाठ तिने कोणाला दाखवलीच नव्हती.

टेपचे दुसरे टोक धरायला तिच्या सासूबाई सोबत येत. त्यांचा धर्म त्यांचा होता. सुनेला त्यांनी अडवले नव्हते, पण जीभ आवरायचे वचनही दिले नव्हते.

फादर पहिल्याच दिवशी सहज बोलून गेले, "पडदा झाला की लगेच बसतो बघा आत, कबुली ऐकायला."

त्या वाक्यावर टाचणीबाईच्या ओठांतल्या टाचण्या थरथरल्या. ते फक्त मी पाहिले.

पडदा आला. आखूड होता. उसवून नेला. पुन्हा आला, तर नेफा इतका अरुंद की दांडीच जाईना. पुन्हा नेला. मग म्हणे कापडच आटले. फादर जवळून जाऊ लागले की ती आणखी टाचण्या ओठांत धरी. बोलायला नको! बाप्तिस्म्याचा रविवार तोंडावर आला तरी माझे दार उघडेच्या उघडे.

शेवटी सासूबाईंचा संयम संपला. "अगं, अख्ख्या गल्लीचे कपडे शिवतेस! लग्नाचा कोट एका रात्रीत उरकतेस! आणि हा सरळ चौकोनी पडदा तुला जमेना? शिवायचाच नाही असं सांग की."

टाचणीबाईने ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या. "नाही शिवायचा, आई. पडदा झाला की मला आत जावं लागणार. आजवरचं सगळं सांगावं लागणार. एक गोष्ट आहे, ती मी घरी यांनाही कधी बोलले नाही. ती परक्या बाप्याला सांगू? मी नाही घेत बाप्तिस्मा."

"हेच मी म्हणत होते! घरातलं धुणं चव्हाट्यावर कशाला धुवायचं?"

फादर खांबाशी फुले लावत होते. ते आले आणि चक्क गुडघे टेकायच्या फळीवर बसले.

"बाई, चूक माझी झाली. नीट सांगायला हवं होतं. तुम्हाला बाप्तिस्म्याआधी इथे यायचंच नाहीये."

"म्हणजे?"

"बाप्तिस्म्याच्या पाण्यानेच मागचं सगळं धुतलं जातं. झाडून सगळं. तुम्ही मनापासून पाठ फिरवलीत की झालं. मला एक अक्षर सांगायचं नाही. ही कोठी बाप्तिस्मा झालेल्यांसाठी."

टाचणीबाई आधी रडली, मग हसू लागली. तळहातावरच्या टाचण्या फरशीवर सांडल्या. सासूबाई वेचू लागल्या. "हसतेस काय? पायात जाईल कोणाच्या!"

पण डोळे पुसून तिने पुन्हा विचारले, "आणि नंतर चुकले तर? तेव्हा आहेच ना ही? देवाला सगळं कळतं, मग मध्ये माणूस कशाला?"

"देवाला कळतंच हो," फादर म्हणाले. "पण क्षमा झाली, हे आपल्या कानांनी ऐकावं लागतं. क्षमा त्याची, मी नुसता त्याचा आवाज. मीसुद्धा दुसऱ्या फादरांपुढे गुडघे टेकतो. माझ्या क्षमेचे शब्द मला स्वतःला म्हणता येत नाहीत."

"यात नवल ते काय?" सासूबाई फरशीवरूनच म्हणाल्या. "तू तरी तुझं माप स्वतः घेतेस का? टेप धरायला हात वर केला की खांदा वर जातो आणि सगळं माप चुकतं म्हणतेस. मलाच धरायला लावतेस ना?"

बोलून झाल्यावर आपण कोणाच्या बाजूने बोललो ते त्यांच्या लक्षात आले. त्या घाईघाईने उरलेल्या टाचण्या वेचू लागल्या. टाचणीबाई त्यांच्याकडे बघतच राहिली.

"आणि तुम्ही कोणाला सांगितलंत तर?" तिने फादरांना शेवटचे विचारले.

"जीव गेला तरी नाही."

मला ओरडून सांगावेसे वाटले, 'मीही नाही!' पण लाकूडच ते. नुसती एक फळी करकरली.

दुसऱ्या दिवशी पडदा आला. गडद जांभळा, दुमड सुतासारखी सरळ, खाली वजनाला आत दोरी घातलेली. रविवारी टाचणीबाईच्या कपाळावरून पाणी ओघळले तेव्हा टॉवेल घेऊन सासूबाईच उभ्या होत्या.

काही आठवड्यांनी सासूसुना पुन्हा आल्या. टाचणीबाईने ओठांतल्या टाचण्या सासूबाईंच्या तळहातावर ठेवल्या आणि पडदा सारून आत आली. माझ्या फळीवरच्या जुन्या खळग्यांत तिचे गुडघे अलगद बसले.

पुढचे? नाही हं.

बाहेर येताना मात्र तिने असा काही श्वास सोडला, की पडदा हलला.

"काय गं," सासूबाई कुजबुजल्या, "माझं नाव निघालं का आत?"

टाचणीबाईने त्यांच्या हातातल्या टाचण्या उचलल्या आणि हसत हसत पुन्हा ओठांत धरल्या.

मित्रांनो, मला तेल लावून पुसा, माझ्यात झाडू कोंबू नका, एवढे माझे मागणे आहेच. पण त्याहून मोठे एक आहे. कोणी विश्वासाने तुमच्यापाशी मन मोकळे केले, तर थोडे माझ्यासारखे व्हा. मी नुसती लाकडाची. तुम्हाला तर काळीज आहे.

आणि सासूबाईंचे नाव निघाले होते का? अहो, सुताराचे गाणे विसरलात? शब्द जाळीपलीकडे गेला. बाकीचे मी सांभाळते आहे.