आश्रुबांची गाडी निळी झाली

मी आश्रुबांची अँबॅसिडर बोलतेय. जरा घाईत बोलतेय, रागावू नका. एका जागी थांबणं माझ्या स्वभावात नाही, आणि नशिबात मात्र उभं राहणंच जास्त आलं.

जन्माने मी पांढरी, सरकारी. बीडच्या एका कचेरीत साहेब बदलत गेले, ड्रायव्हर मात्र एकच राहिला, आश्रुबा. साहेब मागे डुलक्या काढायचे आणि आम्ही दोघं आष्टी, गेवराई पालथी घालायचो. म्हैस आडवी येणार हे म्हशीच्या आधी आश्रुबांना कळायचं. "ड्रायव्हरची नजर हाय ही," असं ते मिशीला हात लावून सांगायचे. पुढे कचेरीत नवी गाडी आली, मला लिलावात काढलं, आणि निवृत्त झालेल्या आश्रुबांनीच मला घेऊन तलवाड्याला आणलं. त्या दिवशी मला झालेला आनंद कुणाला सांगू?

गावात मी रोज धावायचे. कुणाची लेक सासरी पोचव, कुणाच्या बाळंतिणीला दवाखान्यात ने. मग एकदा आश्रुबांनी मला फाटकाच्या खांबाला घासलं. नंतर एकदा सरळ नालीत घातलं. त्यानंतर त्यांनी किल्ली खुंटीला टांगली आणि घरात सांगितलं, "गुडघा लई दुखतो. आता क्लच दाबवत न्हाई."

खोटं! गुडघा ठणठणीत होता. काचेला नाक लावून ते रस्ता शोधायचे, ते मी पाहिलं होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता. पण हे घरात कळलं तर ड्रायव्हर म्हणून मिरवलेलं सगळं आयुष्य पाण्यात गेलं, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. शिवाय डोळ्याला सुई लागणार या कल्पनेनेच त्यांना घाम फुटायचा. रोज सकाळी ते अंगणात यायचे, पत्र्याच्या शेडमध्ये पांढरं पांढरं काही दिसतंय तिकडे चालत राहायचे आणि माझ्या बॉनेटवर हात ठेवून थांबायचे. तेवढं त्यांना बिनचूक सापडायचं.

आणि नेमका तो पांढरा रंगच काढायचं संजयच्या मनात आलं.

संजय त्यांचा मुलगा, बीडला क्लासमध्ये गणित शिकवतो. वाईट नाही हो, माझ्यावर जीव आहे त्याचा. पण मोबाइलवर जुन्या गाड्यांचे व्हिडिओ बघून बघून त्याला मॅट रंगाचं वेड लागलं. मॅट म्हणजे ज्याला चमकच नाही, पडलेलं ऊन पिऊन टाकतो असा रंग. त्याने जाहीर केलं, "यंदा जयंतीच्या मिरवणुकीत आपली गाडी सगळ्यात म्होरं. गडद निळी, मॅट!"

निळ्याला आमच्या वस्तीत कोण नाही म्हणणार? संजयची आई जाईबाई तर हरखूनच गेल्या. एकटे आश्रुबा म्हणाले, "पांढरीच राहू दे की."

"कावून, दादा? निळा नको का तुमाला?" संजयने विचारलं.

निळा नको असं आश्रुबांच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं आणि खरं कारण सांगायची हिंमत नव्हती. "मार बाबा, तुला पायजे तो मार," म्हणून ते आत गेले. मी आतल्या आत फणफणत होते. अरे, विचार की त्यांना अजून एकदा!

कोण विचारतो! संजयचा मित्र पप्पू गॅरेजवाला आपल्या पांढऱ्या पिकअपमध्ये कॉम्प्रेसर घालून आला. दोघांनी मला पॉलिश पेपरने घासघास घासलं, पोचे पुट्टीने भरले, अस्तराचा हात दिला. काचांवर वर्तमानपत्रं चिकटवली, तेव्हापासून तर मला बाहेरचं काही दिसेना. एप्रिलचा फुफाटा ओल्या रंगावर बसू नये म्हणून जाईबाईंच्या जुन्या साड्या शेडला बांधल्या, जमिनीवर पाणी मारलं.

"हात थांबवू नको बे," पप्पू ओरडायचा. "मॅटला मागून घासून काय लपवता येत न्हाई. बसला तसा बसला."

मध्येच वीज जायची आणि दोघं तोंडाचं फडकं काढून बाहेर जाऊन बसायचे. वाळू दे, हलवू नको, हात लावू नको, असं ऐकत मी दिवस काढले. शेवटी कागद निघाले. देखणी दिसत होते, खोटं कशाला बोलू. पण शेडच्या सावलीत मी आहे की नाही, हेच कळत नव्हतं.

जयंतीची सकाळ झाली. स्पीकर न्यायला आलेली पप्पूची पिकअप अंगणात उभी होती. दरवर्षी मला पहिला हार घालायचा मान आश्रुबांचा. पांढराशुभ्र सदरा घालून, झेंडूचा हार घेऊन ते पायरी उतरले. माझ्या अगदी जवळून पुढे गेले. मी इथे आहे, इथे! पण माझा आवाज कुठला निघायला?

सवयीने जिकडे पांढरं दिसलं तिकडे, थेट पिकअपपाशी ते गेले, तिला हार घातला, तिच्यावर प्रेमाने हात फिरवला. "चल गं बाई. लई दिसानी निघायलो आपण."

सगळे हसले. पप्पू म्हणाला, "दादा, ती माझी पिकअप हाय की!" संजयही हसला आणि हसता हसता थांबला. माझी किल्ली तळहातावर घेऊन तो वडिलांसमोर उभा राहिला.

"दादा, माझ्या हातात काय हाय?"

आश्रुबा चाचपडले. "हात कुठं हाय तुझा?"

जाईबाईंनी तोंडाला पदर लावला. संजयने हळूच विचारलं, "कवापासून, दादा?"

"गुडघा दुखायला लागल्यापासून."

मिरवणूक झाली, मी सगळ्यात पुढे होते, पण लक्ष कुणाचं होतं? लगेच आम्ही बीडला डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. आश्रुबा रस्ताभर दाराची कडी घट्ट धरून बसले होते. "गुंगी देतेत ना रं?" एवढंच पुन्हा पुन्हा. आधी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग काही दिवसांनी दुसऱ्याचं. काळा चष्मा लावून ते घरात बसून राहिले आणि मी बाहेर तळमळत.

आज सकाळी ते चष्मा काढून अंगणात आले. हात पुढे न करता आले! माझ्याभोवती सावकाश फिरले. पत्रा न् पत्रा निरखला. मागे संजय, तोंड उतरलेला. "रंग आवडला न्हाई का, दादा?"

आश्रुबा मागच्या चाकाशी वाकले. "संज्या, हे काय हाय?"

"काय?"

"चिलट हाय. रंगात अडकलंय. पाय बी दिसायलेत त्याचे."

संजय उकिडवा बसला. त्याला स्वतःला ते शोधावं लागलं. सापडलं तेव्हा त्याने माझ्या पत्र्याला कपाळ टेकवलं आणि बराच वेळ वर पाहिलं नाही.

आता तो म्हणतोय, तेवढा भाग खरवडून पुन्हा रंग मारतो. तुम्हीच सांगा हो त्याला. म्हणावं, ते चिलट राहू दे, खरवडू नकोस. आणि डॉक्टर हो म्हणाले की त्याच दिवशी किल्ली त्यांच्या हातात दे. मला आता थांबवत नाही.