तक्त्यातली शेजारीण

अमेरिकेतल्या कॅरी गावातल्या मराठी मंडळींना सुमेधाबद्दल दोन गोष्टी पक्क्या ठाऊक होत्या. एक, ती औषधांच्या कंपनीत टॅब्लेटवरचं कोटिंग बनवते. दोन, ती घरच्या गॅरेजमध्ये हरणाच्या शिकारीची काडतुसं भरते. पहिलीचं कौतुक व्हायचं, दुसरी ऐकून लोक हातातला समोसा खाली ठेवायचे. तिचा नवरा केदार तर पाहुण्यांना आधीच बजावून ठेवी, "गॅरेजच्या फ्रीजमधून कोक घ्या, पण वरच्या शेल्फला टच करू नका यार, तिथं हिचा दारूगोळा आहे."

हे खूळ तिच्या डोक्यात घातलं हार्लननं. जॉर्डन लेकच्या पलीकडे साठ एकर रान राखून एकटा राहणारा, शहात्तर वर्षांचा म्हातारा. सुमेधा त्याच्याकडे टोमॅटो आणायला जायची. एकदा त्यानं तळहातावर काडतुसात भरायची चिमूटभर पावडर घेऊन तिच्यापुढे धरली आणि बाई तिथंच खुळावली. बारीक चिरलेल्या शेवयांसारखे करडे तुकडे, आणि प्रत्येकावर डोळ्यांना न दिसणारा लेप. हार्लन म्हणाला, सगळी करामत त्या लेपाची. तो ठरवतो तशी पावडर जळते. नेमकी जळली तर चारशे पावलांवर काम फत्ते, उतावळी जळली तर बंदूकच धरणाऱ्याच्या तोंडावर फुटते. आणि हा सगळा खेळ पापणी लवायच्या आत आटोपतो.

सुमेधा थक्क झाली. एक टॅब्लेट तासात विरघळावी आणि दुसरी बारा तासांत, एवढ्यासाठी तिनं पंचवीस वर्षं घातली होती. इथं कुणीतरी तीच विद्या एका निमिषाच्या कितव्या तरी भागात बसवली होती! देवळात गेल्यावर वाटावं तसं तिला वाटलं. हे बोलायचं कुणाजवळ? म्हणून ती काडतुसं भरायला शिकली. पुढे हार्लनच्या डोळ्यांना लांबचं हरीण दिसे, पण वजनकाट्यावरचे आकडे दिसेनात, तेव्हा त्याचीही काडतुसं तीच भरू लागली. त्याला दोन वर्षं झाली होती.

या वर्षी नोव्हेंबर उजाडला आणि नेहमीची पावडर कुठंच मिळेना. दुकानदार म्हणाला, महिनाभर वाट बघा. शिकारीचा हंगाम काय वाट बघतोय? शेल्फवर दुसरी एक पावडर होती. सुमेधानं फोनवर तक्ता उघडला. त्यात सगळ्या पावडरी भराभर जळणारीपासून सावकाश जळणारीपर्यंत ओळीनं लिहिलेल्या असतात. ही नवी पावडर नेहमीच्या पावडरीच्या लगेच वरच्या ओळीत. भिंगाखाली दोघी जुळ्या बहिणी. सुमेधा खूश झाली. तिच्या कंपनीत हेच तर रोज चालतं. ब्रँडचं औषध नसेल तर जेनेरिक द्या, तेवढाच डोस, तेवढाच गुण. तिनं जुन्या पावडरीचंच वजन काट्यावर लावलं, दाणा इकडचा तिकडे न होऊ देता वीस काडतुसं भरली आणि शनिवारी दुपारी हार्लनच्या हातात डबा ठेवून आली. वर आपल्या चोख कामाचं तिला कौतुकही वाटलं.

घरी येऊन तिनं वही काढली. कंपनीत कशात काही बदललं की त्याची नोंद संदर्भासकट करावी लागते, आणि ही सवय तिच्या हाडीमाशी मुरलेली. नवी पावडर लिहिली, वजन लिहिलं. संदर्भाच्या रकान्यात पुस्तकाचं पान लिहायचं म्हणून तिनं पावडरीचं पुस्तक उघडलं, जे खरं म्हणजे आधी उघडायला हवं होतं. नव्या पावडरीच्या पानावर, याच बुलेटसमोर, 'याच्या वर जाऊ नये' असा आकडा होता. तिनं भरलेलं वजन त्याच्याही वर होतं, आणि थोडंथोडकं नाही.

तिनं तो आकडा पुन्हा वाचला. तक्ता फक्त ओळीतला नंबर सांगतो, दोघींच्या मधलं अंतर किती ते सांगतच नाही. दोन टॅब्लेट दिसायला सारख्या म्हणून कुणी एकीच्या जागी दुसरी दिली असती तर सुमेधानं त्याला दारात उभं केलं नसतं. आणि स्वतः काय केलं?

"केदार, कारची किल्ली!"

"अगं, काय झालं?"

"हार्लनला फोन लावत राहा. बंदूक उडवू नका म्हणून सांग."

केदारनं सोळा वेळा फोन लावला. हार्लनचा फोन त्याच्या ट्रकमध्येच वाजत होता. म्हातारा रानात फोन नेत नसे. चाळीस मिनिटांचा रस्ता सुमेधानं कसा कापला ते तिलाच ठाऊक नाही. रानाच्या तोंडाशी त्याचा ट्रक उभा होता. ती कारचं दार उघडते तोच कुठेतरी बार झाला.

सुमेधा जागच्या जागी गारठली. मग प्रतिध्वनी शेजारच्या रानातून आल्याचं तिच्या ध्यानात आलं, आणि तिनं दोन्ही हातांनी हॉर्न दाबून धरला. हंगामात, ऐन संध्याकाळी, दुसऱ्याच्या रानाशेजारी हॉर्न वाजवणं म्हणजे तिकडे महापापच. तिनं तो सोडला नाही. पाइनच्या खोडांमधून हरणं शेपट्या उभारून उधळली. पळत्या हरणावर हार्लन कधीच बार टाकत नाही, एवढ्या एका भरवशावर ती रडत रडत हॉर्न दाबत राहिली.

बऱ्याच वेळानं झाडांत नारिंगी जाकीट दिसलं. हार्लन सावकाश चालत आला. चेहरा धड होता. डोळे दोन होते.

"मिस सुमेधा," तो म्हणाला, "दहा टोकांच्या शिंगांचा नर माझ्यासमोर उभा होता. बोट घोड्यावर होतं."

तिनं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. म्हाताऱ्यानं बंदूक उघडून काडतूस बाहेर काढलं आणि तिच्या तळहातावर ठेवलं. पितळ अजून त्याच्या बोटांच्या उबेनं कोमट होतं. आत असेल नसेल चमचाभर पावडर. एवढ्याशा भुकटीत एका माणसाचा अख्खा चेहरा मावला होता. सुमेधा ट्रकच्या पायरीवर बसली.

"सॉरी, मिस्टर हार्लन. तुम्ही आता पुन्हा माझी काडतुसं घेऊ नका."

हार्लन तिच्याशेजारी टेकला. खिशातली उरलेली काडतुसं एकेक करून डब्यात ठेवली.

"काडतुसं भरणाऱ्यांचा एक नियम असतो," तो म्हणाला. "दुसऱ्यानं भरलेलं काडतूस आपल्या बंदुकीत घालायचं नाही. माझ्या सख्ख्या भावानं भरलेलंसुद्धा मी साठ वर्षांत कधी घातलं नाही."

"मग माझी?"

"तुझी घातली," तो म्हणाला. "दोन वर्षं."

 हातातलं काडतूस सुमेधानं दोन्ही मुठींत घट्ट धरलं.

"उद्या सकाळी ये," हार्लन म्हणाला. "पुस्तक घेऊन ये. सगळ्यात कमी वजनाच्या आकड्यापासून पुन्हा भरू, आणि आकडे तू मला मोठ्यानं वाचून दाखव."