एकाच प्रतीचा अंक

एनॉस टटल हा ओहायो नदीकाठच्या एका गावातल्या साप्ताहिकाचा मुख्य जुळारी. तीस वर्षं छपाईचे खिळे जुळवले, पण खोटी ओळ एकदाही नाही, असं तो छातीठोकपणे सांगायचा. लविना गेली आणि ते सांगणंही संपलं.

लविना ही संपादक लायमन हॅसब्रुक यांची एकुलती एक लेक. लायमन मूळचे वकील. वर्षभरापूर्वीच सरकारने त्यांना चीनच्या एका बंदरात कॉन्सल, म्हणजे सरकारी प्रतिनिधी, म्हणून धाडलं होतं. इकडे घटसर्पाने चार दिवसांत सतरा वर्षांची पोर नेली. एनॉस तिच्या बातमीला काळी चौकट घालत होता, तेव्हा लायमन यांची बायको थिओडोशिया छापखान्यात आली.

"एनॉस, त्यांना चीनला पाठवायची प्रत वेगळी छाप. त्यातून हे काढून टाक."

"बाईसाहेब, बापाला कळवायचं नाही?"

"कळवायचंय रे. पण त्या परक्या मुलुखात रडायला कुणाचा खांदा आहे त्यांना? घरी आले की सांगू."

एनॉसचा जीव कळवळला. त्याने तशी एक प्रत छापली. वाटलं, एवढ्यावर भागेल. कसलं भागतंय! बाई दर गुरुवारी त्या प्रतीत छापायला दोन ओळींची चिठ्ठी घेऊन येऊ लागल्या. लविनाने चर्चमध्ये गाणं म्हटलं. लविनाच्या पीचच्या मुरांब्याला जत्रेत पहिलं बक्षीस मिळालं. एनॉस मुकाट्याने जुळवायचा, एकच प्रत छापायचा आणि खिळे परत खणात टाकायचा. तिकडून लायमन यांचं पत्र यायचं, लविनाला निळं रेशीम आवडेल का? एनॉसला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

दोन वर्षांनी लायमन परत निघाले. बोट शनिवारी लागणार होती. त्यांना तोंड कसं दाखवायचं, हे एनॉसला सुचेना. आणि गुरुवारी सकाळीच लायमन दारात उभे!

"बोट लवकर लागली. काय रे म्हाताऱ्या, भूत पाहिलंस की काय?"

एनॉसने टोपी काढली. "साहेब, लविना..."

लायमन यांनी खिशातून एक कात्रण काढून टेबलावर ठेवलं. घड्यांवर पार झिजलेलं. शेजारच्या गावच्या पेपरात आलेली लविनाच्या मृत्यूची बातमी.

एनॉसने कपाळावर हात मारून घेतला. संपादकांनी एकमेकांना अंक फुकट पाठवायचे, ही साऱ्या धंद्याची रीत. शेजारचा संपादक ती थेट चीनपर्यंत पाळत होता, आणि तीस वर्षं हेच गठ्ठे बांधणारा एनॉस ते साफ विसरला होता.

"म्हणजे पहिल्यापासून ठाऊक होतं? मग रेशमाचं कशाला विचारत होता, साहेब?"

"त्या ओळी थिओच्या आहेत, हे मी लगेच ओळखलं. मला कळलंय असं लिहिलं असतं, तर तिनं त्या थांबवल्या असत्या. मग तिच्यापाशी काय उरलं असतं? आणि माझ्यापाशी तरी?"

तेवढ्यात थिओडोशियाबाई आत आल्या. हातात नेहमीची चिठ्ठी. नवरा तर घरीच येतोय, आता ही प्रत कुणासाठी, हा प्रश्न एनॉसला आत्ता पडला. नवऱ्याला पाहून बाई जागीच थिजल्या. लायमन यांनी चिठ्ठी हळूच काढून घेतली आणि वाचली. 'वडिलांना आणायला लविना धक्क्यावर गेली होती.'

"आली होती, थिओ," ते म्हणाले. "बोटीवरून मला पहिली तीच दिसली."

बाईंची नजर टेबलावरच्या कात्रणावर गेली. दोन वर्षांत त्या कुणासमोर रडल्या नव्हत्या. आता नवऱ्याच्या कोटात तोंड खुपसून, लेकीचं नाव घेत, हंबरडा फोडून रडल्या. दोघांचं रडणं ऐकत एनॉसने चिठ्ठी उचलली. ती ओळ त्याने या वेळी एकाच प्रतीसाठी नाही, तर गावात जाणाऱ्या सगळ्या प्रतींसाठी जुळवली, आणि तिच्याभोवती काळी चौकट घातली.