गुरुबसप्पांची तोंडी परीक्षा

हुबळीच्या आमच्या इस्पितळात नवा नियम आला: कोणती गोळी कधी घ्यायची, हे पेशंटने स्वतःच्या तोंडाने बरोबर सांगितलं तरच डिस्चार्ज. महिन्यापूर्वी एकाने सूचनांच्या कागदावर झोकात सही केली, घरी जाऊन रक्त पातळ करणारी गोळी रोज एकदाऐवजी दोनदा घेतली आणि रक्तस्राव होऊन परत आला. तेव्हापासून सहीवरचा आमचा विश्वास उडाला.

या नियमात निवृत्त हेडमास्तर गुरुबसप्पा अडकले. संध्याकाळी गदगला नातीचं बारसं होतं, आणि रक्त पातळ करणारी तीच गोळी दिवसातून दोनदा घ्यायची, असं त्यांनी तिसऱ्यांदा सांगितलं.

"सिस्टर, चाळीस वर्षं मी पोरांना बाकावर उभं केलंय!"

"म्हणून तर तुम्हाला बसा म्हणतेय, सर," मी म्हणाले.

त्यांच्या बायकोने, निंगव्वांनी, सगळ्या गोळ्या घडाघडा सांगितल्या. "मीच देते त्यांना. सोडा हो, अक्का."

"बारशानंतर सर एकटेच घरी परतणार ना? तुम्ही लेकीकडे किती दिवस राहणार?" मी निंगव्वांना विचारलं.

"तीन महिने," निंगव्वा म्हणाल्या.

मास्तरांनी दाराकडे पाहिलं, मग बायकोकडे. खांद्यावरची पिशवी उतरवून ते पलंगावर बसले.

"सकाळची पांढरी," ते म्हणाले. "पुढचं परत सांगा."