तिच्या शब्दांतली बटणं

दुकानांचे बोर्ड रंगवण्यात माझं आयुष्य गेलं, पण वाचायला शिकलो ते हात थरथरायला लागून ब्रश सुटल्यावर. तोवर अक्षर म्हणजे माझ्यासाठी नुसता आकार होता. गिऱ्हाईक कागदावर नाव लिहून द्यायचं, मी ते जसंच्या तसं मोठं करायचो. रेष कुठे जाड हवी, कुठे बारीक, दोन अक्षरांत किती जागा सोडली की नाव लांबून नीट दिसतं, हे सगळं मला यायचं. नाव काय आहे ते मात्र गिऱ्हाइकाच्या तोंडून ऐकायचं. बायकोला ठाऊक होतं, तिने ते कुणाला कळू दिलं नाही. ती गेली आणि झाकणारं कुणी उरलं नाही. सुनेने एकदा औषधाच्या बाटलीवरचं वाचायला सांगितलं तेव्हा मी म्हणालो, चष्मा दुकानात विसरला. तो माझ्या नाकावरच होता. ती हसली नाही. म्हणजे हसली, पण स्वयंपाकघरात जाऊन.

तिने पाटी-पुस्तक आणलं नाही. संध्याकाळी मला बाजारात फिरायला न्यायची आणि माझ्याच बोर्डांखाली उभं करायची. हे तुम्हीच काढलंय बाबा, म्हणायची, हा छत्रीवाला, हे त्याचं पहिलं अक्षर. वर्षानुवर्षं ज्यांच्यात उठबस केली त्यांची नावं कुणीतरी आता सांगत होतं. मी अडलो की ती थांबायची. सांगून टाकायची नाही, घाईही करायची नाही. हात मागे बांधून उभी राहायची, जणू तिला दुसरं कामच नाही. असं करत करत मी वाचायला लागलो.

माझ्या मुलाचा स्वभाव वेगळा. दुकान आता तोच चालवतो. ब्रश गेले, कॉम्प्युटरवर बोर्ड तयार होतात आणि मागच्या खोलीतल्या मशीनवर छापले जातात. शिक्षण बेताचंच, पण दिसेल ते उघडून दुरुस्त करतो म्हणून बाजारात त्याला इंजिनीअर म्हणतात. आधी तो एका मोठ्या कंपनीचा विकतचा प्रोग्राम वापरायचा. मग कंपनीने ती जुनी आवृत्ती बंद केली, आणि आमचे कित्येक बोर्ड त्या प्रोग्रामच्या पोटात अडकले. नवा घेतल्याशिवाय उघडेनात. त्या दिवसापासून त्याने शपथच घेतली. कुठून तरी तो फुकटचा, सगळ्यांसाठी मोकळा असलेला प्रोग्राम शोधून काढला. जगभरातले लोक आपापल्या वेळात तो बनवतात, त्याच्यावर कुणाची मालकी नाही, कुणी आपल्याला कुलूप घालू शकत नाही, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. माझ्यासारख्याला ते पटायचं. आपलं हत्यार आपल्या हातात असावं हे रंगाऱ्याला कुणी शिकवायला लागत नाही.

पण ते हत्यार हातात घ्यायला अवघड होतं. त्याने ते रात्रंदिवस झटून शिकून घेतलं होतं, त्यामुळे आता त्याला ते अवघड दिसतच नव्हतं.

सुनेला दुकानात यायचं होतं. घर आणि शिकवण्या यांत तिचा जीव रमत नव्हता, आणि रंगांची तिला जाण होती. गिऱ्हाइकाशी बोलण्यात तर ती आम्हा दोघांपेक्षा सरस. तिने नवऱ्याला स्पष्ट सांगितलं होतं, मला तुझ्या दुकानात तुला मदत करायला यायचं नाही, काम करायला यायचं आहे. त्याला आनंद झाला. त्याने तिच्यासाठी काउंटरमागे दुसरी खुर्ची आणली, कॉम्प्युटरचा दुसरा पडदा लावला, त्यावर तोच प्रोग्राम टाकला.

मी बाजूला स्टुलावर बसून सगळं बघायचो. पडद्याच्या कडेला बारीक बारीक चित्रं, कशाखाली नाव नाही. एक चौकट इकडे, एक तिकडे, आणि चुकून कुठे हात लागला की एखादी चौकट गायबच. त्यात मराठीही होतं, पण ते कुठलं मराठी कुणास ठाऊक. आम्ही ज्याला अक्षराची कड म्हणतो त्याला तिथे आघात असं काहीतरी नाव होतं. सून म्हणाली, हे बटण दाबलं तर आधी ॲम्ब्युलन्स बोलावून ठेवायची का? मुलगा हसला नाही. इंग्रजी स्ट्रोकचं मराठी आहे ते, शब्द बरोबर आहे, म्हणाला.

ती अडली की तो तिच्या खांद्यावरून हात लांब करायचा, टकटक तीन-चार बटणं दाबायचा, "झालं" म्हणायचा आणि मागच्या खोलीत निघून जायचा. काय झालं ते तिला कळायचंच नाही. दुसऱ्या दिवशी तिथेच अडायची. पुन्हा हात, पुन्हा झालं. तिने विचारलं की सांगायचा, मदतीची पानं आहेत, वाच. ती पानं तिने वाचली. मलाही दाखवली. वाचता यायला लागल्याचा मला आयुष्यात एकदाच पश्चात्ताप झाला, तो त्या दिवशी.

शेवटी तिने हात टेकले. तिच्या मैत्रिणीने तिला इंटरनेटवरची एक जागा दाखवली. तिथे काही बसवायला लागत नाही, उघडलं की काम सुरू. तयार नमुने, तयार चित्रं, ओढा आणि सोडा. पहिल्याच दुपारी तिने शिवणक्लासचा बोर्ड केला आणि शिवणवाली तो बघून खुर्चीतून उठलीच नाही, अजून दोन करून घेतले. सून गुणगुणत घरी आली. मुलगा जेवताना एवढंच म्हणाला की त्या जागेचं दार तिच्या मालकांच्या हातात आहे, उद्या बंद केलं तर काय करशील. ती म्हणाली, तुझं दार उघडं आहे रे, पण मला उंबरा ओलांडता येत नाही.

मग दातांच्या डॉक्टरांचा बोर्ड आला. मोठा, रस्त्यावरून दिसेल असा. सुनेने हसऱ्या चेहऱ्याचं एक चित्र निवडलं, डॉक्टर खूश, छपाई झाली, बोर्ड चढला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा फोन. दातांवर काहीतरी लिहिलंय, म्हणाले. आम्ही तिघेही जाऊन बघतो तर खरंच. ते चित्र त्या जागेवर फुकट बघायला होतं, वापरायला नव्हतं. म्हणून त्यावर त्या जागेचं नाव फिक्या रंगात तिरपं छापलेलं होतं. छोट्या पडद्यावर पांढऱ्या दातांत ते कुणालाच दिसलं नव्हतं. आता प्रत्येक दात हाताएवढा होता आणि समोरच्या फुटपाथवरूनही ते नाव वाचता येत होतं.

डॉक्टर भले माणूस. पेशंट म्हणतात डॉक्टर दातांवर सही करून देतात, असं म्हणून ते हसले. दुसरा करून द्या, घाई नाही, म्हणाले. तिथेच मिटलं असतं. पण मुलगा त्यांच्यासमोर बोलून गेला, "फुकटात सोपं शोधायला गेलं की असंच होतं."

सुनेचा चेहरा उतरला. आवाज मात्र चढला नाही. "तुझंही फुकटच आहे," ती म्हणाली. "फक्त सोपं नाही."

नवा बोर्ड त्यानेच केला. उत्तम झाला. दुसऱ्या दिवसापासून ती दुकानात आली नाही. शिकवण्या आहेत, म्हणाली. खुर्चीवर मशीनचे रिकामे खोके साठायला लागले.

मुलगा कबूल करणाऱ्यातला नाही, पण बोर्डाकडे बघताना त्याचं लक्ष नसे. एका दुपारी मला म्हणाला, बाबा, ती अक्षराच्या कडेला कुठला शब्द वापरते? मी म्हटलं, काठ. आणि मागच्या रेघा, तो म्हणाला, ज्यांच्यावर अक्षरं बसवतो त्या? दोऱ्या म्हणते, म्हटलं, मीच तिला सांगितलंय तसं, आम्ही दोरीला खडू लावून आखायचो. तो लिहून घेत होता. मग कळलं की त्या प्रोग्रामची बटणं बदलता येतात. नको ती काढता येतात, हवी ती मोठी करता येतात, त्यांना आपली नावं देता येतात. मालकी कुणाची नाही म्हणूनच ते जमतं.

"हे आधीपासून करता येत होतं?" मी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून."

"मग?"

त्याने पडद्यावरचं एक बटण मोठं केलं. "मला गरज नव्हती ना," म्हणाला.

कित्येक दिवस तो त्यातच होता. मग एका सुट्टीच्या दिवशी तिला दुकानात घेऊन आला, खोके उचलले, खुर्ची पुसली. पडद्यावर आता मोजकीच बटणं होती, मोठी, प्रत्येकाखाली तिचा शब्द. काठ. दोऱ्या. दोऱ्या लपव. चुकलं, मागे घे. हरवलेलं सगळं परत आण. हे शेवटचं वाचून ती हसली. बसली. कुठेतरी अडली तसा त्याचा हात आपोआप तिच्या खांद्यावरून पुढे आला.

"हात मागे घे," ती म्हणाली. "मला शोधू दे."

त्याने हात मागे बांधले. तिने शोधलं. बघता बघता एक सुंदर बोर्ड उभा राहिला, आमच्याच दुकानाच्या नावाचा. माझ्या जुन्या वळणाची अक्षरं घेऊन केलेला. मला वाटलं, आलं सगळं जागेवर.

तिने तो साठवून ठेवला. मग म्हणाली की परवापासून ती खोक्यांच्या कारखान्यात जाणार आहे, खोक्यांवरची चित्रं आणि अक्षरं करायला. शिवणवालीने तिचं काम तिथल्या मालकिणीला दाखवलं होतं. तिथे विकतचा प्रोग्राम आहे, आणि पहिल्या दिवशी शेजारी बसून शिकवायला एक बाई देणार आहेत. ती हो म्हणून आली होती.

"फार छान केलंयस रे," ती त्याला म्हणाली. "मी इथे बसून रडत होते तेव्हा का नाही केलंस?"

मुलगा बोर्ड छापायला मागच्या खोलीत गेला.

घरात भांडण नाही. ती सकाळी डबा घेऊन कारखान्यात जाते, तो दुकानात येतो. तिच्या खुर्चीवर आता मी बसतो. दर आणि वेळा लिहिलेले साधे बोर्ड मला जमतात, बटणांवरचे शब्द ओळखीचे आहेत. मी अडलो की मुलगा शेजारी स्टुलावर येऊन बसतो आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवतो, माझं मला सापडेपर्यंत. संध्याकाळी सून विचारते, आज काय केलंत बाबा. मी तिला सगळं सांगतो. तो तेव्हा ताटावर मान घालून जेवत असतो, पण घास हातातच राहतो, ती काय म्हणते ते ऐकायला.